शांती चालू आहे

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५. सकाळी ६.४०. दिवस पहिला.

आजपासून तीस दिवस. शीला काल रुचिताला घेऊन कल्याणला आईकडे गेली. जाताना दारात उभी राहून म्हणाली, तीस दिवस हात उगारू नका, काही फोडू नका, मग आम्ही परत येतो. एक दिवस जरी चुकलात तरी रुचिताला तिकडच्याच शाळेत घालीन. मी म्हटलं, तीस कशाला, साठ घे. ती म्हणाली, तीस.

कारण क्षुल्लक. रुचिताची नववीची ऑनलाइन टेस्ट चालू होती, नेट सारखं जात होतं, आणि ती म्हणाली, बाबा, तुमचं तर कामच नेटचं ना? मी फक्त राउटर उचलला. पुढे तो भिंतीकडे गेला. नंतर घरात एकदम शांतता झाली. म्हणजे विषय संपला होता. पण या घरात संपलेला विषय कोणाला कळत नाही.

वहीची कल्पना आमच्या हॉस्पिटलच्या मानसोपचारवाल्या डॉक्टरांची. मी त्यांच्याकडे गेलेलो नाही, ते लिफ्टमध्ये भेटले. मी लिफ्टचं बटण दाबत होतो, जरा जोरात, मुठीने. म्हणाले, रोज लिहा, राग किती आला आणि काय केलंत. राग आला की दहापर्यंत मोजा. वही कोणाला दाखवू नका, फक्त स्वतःशी खोटं बोलू नका. खोटं बोलणं मला जमतच नाही, त्यामुळे सोपं आहे.

आजचा राग: शून्य. दिवस अजून जायचाय, पण अंदाज आहे.

त्याच दिवशी, संध्याकाळी ७

शिळफाट्यावर एका रिक्षावाल्याने कट मारला. ठरल्याप्रमाणे मोजायला लागलो. सातला त्याचा आरसा माझ्या हातात होता. आरसा रिक्षाचा. शीला बोलली तेव्हा तिच्या डोळ्यांसमोर घरातल्या वस्तू होत्या, त्यामुळे हा धरत नाही. शून्य कायम.

मंगळवार, ४ नोव्हेंबर. दिवस २.

स्वप्ना मॅडमनी बोलावलं. मॅडम म्हणजे आमच्या हॉस्पिटलचं प्रशासन. खोपटला सहा मजल्यांची इमारत, प्रत्येक मजल्यावर छताला वायफायचे पांढरे डबे, एकूण सेहेचाळीस. सगळे आपापल्या मर्जीने चालतात. नर्स टॅब घेऊन एका वॉर्डातून दुसऱ्यात गेली की पेशंटचा कागद गायब. महिनाअखेरीस तपासणीची टीम येणार. तोपर्यंत सगळ्या डब्यांवर एक कंट्रोलर बसवायचा. कंट्रोलर म्हणजे सर्व्हरवर चालणारं सॉफ्टवेअर, सगळ्या डब्यांचा बाप.

मॅडम म्हणाल्या, बाहेरच्या कंपनीला बोलवू का? मी म्हटलं, एकोणीस वर्षं इथे मी काय गवत उपटतोय? त्यांनी कपाटाच्या दाराकडे बघितलं. त्या दाराला मार्च महिन्यात माझ्या कोपराएवढा पोचा आला आहे. मग म्हणाल्या, ठीक आहे सुदेश, पण प्रेमाने करा, आणि धनेशला बरोबर घ्या.

धनेश माझ्या हाताखाली दोन वर्षं. दिवा स्टेशनकडच्या गावचा. मला दादा म्हणतो आणि दिवसभर हसतो. सर्व्हर रूममध्ये हसण्यासारखं काय असतं ते मला समजलेलं नाही.

बुधवार, ५ नोव्हेंबर. दिवस ३.

ऐतिहासिक दिवस.

पद्धत अशी, की जुन्या सर्व्हरच्या पोटात एक नुसतं मानलेलं मशीन तयार करायचं. त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. त्यात विंडोज टाकायचं, विंडोजमध्ये कंट्रोलर. मशीनला नाव द्यावं लागतं. मी SHANTI दिलं. नावाचा परिणाम होतो.

इन्स्टॉलर आधी म्हणाला, जावा नाही, म्हणजे त्याला लागणारं दुसरं सॉफ्टवेअर. जावा टाकली. मग म्हणाला, ही जावा नको, नवी जावा हवी. नवी टाकली. तर म्हणे आता दोन जावा आहेत, मला कळत नाही कोणाचं ऐकू. धनेश म्हणाला, दादा, दोन जावांचं एका घरात पटत नाही, जुनीला काढ. आणि हसला. कीबोर्ड टेबलावर आपटला, पण सपाट बाजूने. तीन बटणं उडाली, त्यातलं एक कधीच लागत नाही.

साडेचारला शांती चालू. डबा ताब्यात घ्यायच्या बटणावर ‘अ‍ॅडॉप्ट’ लिहिलेलं असतं, म्हणजे सरळ दत्तक. सहापर्यंत सेहेचाळीसच्या सेहेचाळीस दत्तक घेतले. सगळे हिरवे. एका दिवसात एवढी मुलं जगात कोणाला झाली नसतील.

राग: शून्य.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर. दिवस ५.

अकरा वाजता माउस हलेना. स्क्रीनवर सगळं जागच्या जागी. शांती गोठली.

तीनपर्यंत मोजलं, तीन वेळा, म्हणजे नऊ झाले, जवळजवळ दहा. धनेश म्हणाला, दादा, माउसचा सेल बघितलास का? इथे बाप जातोय आणि हा म्हणतो चष्मा पुसलास का. मी मॉनिटरला कानाखाली एक दिली. डाव्या हाताने. मी उजवा आहे, त्यामुळे हेतू सिद्ध होत नाही. तरी हलेना. मग प्रिंटरचा कागद ठेवायचा ट्रे हाताशी होता. दोन घाव. स्क्रीनला आरपार चीर गेली, काळोख झाला. शांती गेली.

सर्व्हरचा पंखा मात्र फिरत होता आणि पुढचा हिरवा दिवा लुकलुकत होता. धनेश म्हणाला, दादा, आतलं चालू आहे वाटतं. मी सांगितलं, कोंबडी कापली तरी थोडा वेळ अंगणात पळते. मग तो काचा झाडायला लागला.

तळवा कापला. वर कॅज्युअल्टीत मंजुळा सिस्टरनी दोन टाके घातले. रजिस्टरमध्ये कारण लिहावं लागतं. मी सांगितलं, मॉनिटर पडला. त्यांनी विचारलं, कशावर? म्हटलं, हातावर. त्यांनी तसंच लिहिलं.

राग: शून्य. दुःख होतं ते.

शनिवार, ८ नोव्हेंबर. दिवस ६.

दुसरा सर्व्हर घेतला, बिलिंगचा जादा पडून होता तो. त्याच्या पोटात नवं मशीन, नवा कंट्रोलर. नाव पुन्हा SHANTI, कारण मी हार मानणाऱ्यातला नाही. नेटवर्कवरचा पत्ताही तोच दिला. सगळे डबे त्या पत्त्यावर बापाला शोधत येतात, आता कुठे बदलत बसू?

धनेश म्हणाला, दादा, पत्ता तोच नको, नाहीतर आधी जुना नीट बंद करू. मी म्हटलं, मेलेल्याला पत्ता कशाला लागतो? तो काहीतरी पुटपुटला. दाराची कडी त्याच्या बोटांवर आली, वाऱ्याने. तळघरात वारा कमी असतो, पण असतो.

सोमवार, १० नोव्हेंबर. दिवस ८.

घात झाला.

नव्या शांतीत सेहेचाळीस डबे दिसतात. माझे अकरा. बाकी पस्तिसांपुढे लाल अक्षरात ‘मॅनेज्ड बाय अदर’. म्हणजे यांचा बाप दुसराच कोणीतरी. वर विंडोजची चौकट येते, की हा पत्ता आधीच दुसरं मशीन वापरतंय. मी ओके दाबतो. ती परत येते. मी परत दाबतो. आज एक्केचाळीस वेळा दाबलं, एकदा कपाळाने.

कोणीतरी माझ्या पत्त्यावर बसून माझी पोरं पळवतंय. या इमारतीत एवढं नेटवर्क समजणारी माणसं दोन. एक मी.

गुरुवार, १३ नोव्हेंबर. दिवस ११.

तीन दिवस युद्ध. शिडी घेऊन एकेका डब्यापर्यंत चढायचं, त्याच्या भोकात टाचणी घालून दहा सेकंद दाबायचं, मग तो सगळं विसरतो आणि दत्तक घेता येतो. पहिला मजला घेतला. दुसऱ्यावर जाईपर्यंत पहिल्याचे चार गेले. खाली आलो, चार घेतले, तर दुसऱ्याचे सहा गेले. गडी हुशार आहे. मी ज्या मजल्यावर नाही तिथेच हल्ला करतो.

धनेश पूर्ण वेळ खाली उभा राहून शिडी धरत होता. म्हणजे हे सगळं त्याने आधीच लावून ठेवलंय.

चौथ्या मजल्यावर शिडी डगमगली म्हणून तिला बुक्की मारली. शिडी अ‍ॅल्युमिनियमची, पण पायरीची कड धारदार निघाली. बोटांची पेरं सोलली. मंजुळा सिस्टर म्हणाल्या, परत? मी म्हटलं, शिडी. त्यांनी विचारलं, पडलात? म्हटलं, नाही, उभाच होतो. त्यांनी ‘शिडी’ लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या.

राग: शून्य. मोजणं आता सहापर्यंत येतं, सुधारणा आहे.

शनिवार, १५ नोव्हेंबर

घरी. कुकर न सांगता शिट्टी मारतो. आता तो बाल्कनीत आहे. म्हणजे बाल्कनीच्या खाली. तळमजल्याच्या काकू ओरडल्या, मी वर तोंड करून ओरडलो, की वरच्या मजल्यावरून कोण टाकतं हे सामान? वस्तू फुटली नाही, चेपली. चेपणं आणि फोडणं यात फरक आहे.

सोमवार, १७ नोव्हेंबर. दिवस १५. दुपारी ४.३०

आज माझ्यावर प्राणघातक हल्ला झाला. हे एका हाताने लिहितोय. डावा हात बांधलेला आहे.

स्वप्ना मॅडमनी सांगितलेलं, की काम करण्याआधी मजल्यावर सूचना लावत जा, आणि शुद्ध मराठीत, तपासणी आहे. माझं मराठी पहिल्यापासून चांगलं. मी मोठ्या अक्षरात टाइप करून तिसऱ्या मजल्यावर चार ठिकाणी चिकटवलं. मजकूर असा होता: ‘सूचना. आज दुपारी २ ते ४ या मजल्यावर दत्तक घेण्याचे काम चालू राहील. एकूण नऊ. एकदा ताब्यात घेतल्यावर पहिल्या मालकाचा हक्क राहणार नाही. नातेवाइकांनी अडथळा आणू नये. हुकुमावरून.’

तिसरा मजला बाळंतिणींचा. डबे नऊ. आणि योगायोगाने आज वॉर्डात बाळंही नऊच होती.

मी शिडीवर, हातात टाचणी. आधी कुजबुज ऐकू आली. मग एक बाई मोठ्याने सूचना वाचायला लागली, ‘पहिल्या मालकाचा’पर्यंत पोचली आणि थांबली. मग कमळाबाई आल्या. त्या कोणा बाळंतिणीच्या सासूबाई, दिव्याच्या, साडी वर खोचलेली. विचारलं, तू क रं पोरं नेनारा? मी प्रामाणिकपणे म्हटलं, हो, पण अजून दोनच झालीत. त्यांनी शिडी ओढली.

पुढचं तुकड्यातुकड्यांत आठवतं. पेजेचा स्टीलचा डबा माझ्या डोक्यावर दोनदा आला, दुसऱ्यांदा झाकणाशिवाय. एका बाळाच्या बापाने कॉलर धरली, दुसऱ्याने पाय. कमळाबाई सारख्या ओरडत होत्या, माजे नातवाला हात लाव, हात तोरीन तुजा. आणि बोलल्याप्रमाणे मनगटाला चावल्या. मी हात उगारला नाही. हात आधीच वर होते, छताची चौकट धरायला. त्यातला एक तुकडा निसटून एका बाळाच्या मामाच्या डोक्यात गेला, मग तोच तुकडा मी त्याला आणखी दोनदा दाखवला.

धनेश धावत आला आणि माझ्या अंगावर आडवा झाला. पाठीवर पडणारे फटके त्याने घेतले आणि त्यांच्याच बोलीत ओरडून सांगत राहिला, की बाय, ते छताचे डबे हायेत, पोरं नाय, पोरं नाय. हळूहळू सगळे थांबले. कमळाबाईंनी त्याच्या गालावरून हात फिरवला. मला कोणी पाणीसुद्धा विचारलं नाही.

मंजुळा सिस्टरनी विचारलं, आज काय? म्हटलं, दात. त्यांनी धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं.

विचार करण्यासारखी गोष्ट: जमाव माझं ऐकत नाही, धनेशचं ऐकतो. म्हणजे जमाव कोणाचा?

मंगळवार, १८ नोव्हेंबर. दिवस १६.

मॅडमनी पत्र दिलं. तिसऱ्या मजल्याबद्दल. शेवटची समज, महिनाअखेरीपर्यंत सेहेचाळीस डबे हिरवे हवेत. पत्र मी शांतपणे वाचलं आणि शांतपणे खाल्लं. अर्धंच. कागद जाड होता.

संध्याकाळी शीलाचा फोन. विचारलं, कसं चाललंय? म्हटलं, सोळा दिवस, एक चूक नाही. ती म्हणाली, खरंच? आणि तिचा आवाज जरा हलला. तिला यायचंय, हे मला कळतं. मग रुचिता आली. बाबा, हॉस्पिटलचं नेट लागलं का? जवळजवळ, म्हटलं. ती म्हणाली, धनेशकाका आहेत ना मदतीला, मग होईल. फोन ठेवल्यावर उशीला मारलं. उशी मऊ, तिला काही होत नाही.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर. दिवस १९.

सापळा लावला. जेवणाच्या सुट्टीत बाहेर जातो सांगून सर्व्हरच्या रॅकमागे, म्हणजे त्या लोखंडी कपाटामागे बसलो. हातात स्क्रू ड्रायव्हर, मोठा.

धनेश आला. डबा उघडला. भाकरी अर्धी करून माझ्या टेबलावर झाकून ठेवली. मग इकडेतिकडे बघून जुन्या सर्व्हरकडे गेला आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला, जसं आजाऱ्याला ताप आहे का बघतात. मी एकदम बाहेर उडी मारली. तो घाबरला, पण म्हणाला, दादा, हा गरम लागतो रं अजून. मी म्हटलं, मेल्यावर लगेच थंड होत नाही कोणी. तो म्हणाला, पण दादा, चौदा दिस झाले.

मी त्याला भिंतीला टेकवून दंडाला धरून समजावलं. दंडावर माझी बोटं उमटली, त्याचा रंग उजळ आहे म्हणून दिसली. भाकरी खाल्ली, चांगली होती.

राग: शून्य. संशय वेगळ्या रकान्यात.

मंगळवार, २५ नोव्हेंबर. दिवस २३.

सगळं स्पष्ट झालं. गुन्हेगार रंगेहाथ.

सकाळी माझ्याकडे एकतीस डबे. अकराला एकोणीस. बाराला तीन. तीन! मी मागे वळून बघितलं, तर धनेश जुन्या सर्व्हरसमोर वाकलेला, बोट बटणावर. मी ओरडलो, हात काढ. तो म्हणाला, दादा, एकदाच, फक्त हे एक बटण दाबतो, दोन मिनिटं बघ काय होतं ते. म्हणजे दोन मिनिटांत उरलेले तीनही न्यायचे होते.

मी मोजलं. एक. माझ्या हातात क्रिंपर होता, तारेला टोक बसवायची लोखंडी पक्कड, अर्ध्या किलोची. ती गेली. त्याच्या डाव्या भुवईवर बसली. रक्त एकदम डोळ्यात आलं. तो खाली बसला आणि आई गं म्हणाला. मला म्हणाला नाही, नुसतंच. क्रिंपरच्या पात्याने माझाही अंगठा कापला, ते कोणी बघत नाही.

नोंद: हात उगारणं म्हणजे हात खांद्याच्या वर नेणं. मी फेकलं ते खालून, अंडरआर्म.

कॅज्युअल्टीत मंजुळा सिस्टरनी त्याला पाच टाके घातले आणि माझ्याकडे न बघता त्याला विचारलं, कोणी मारलं? मारलं असेल तर पोलीस केस करावी लागते, खरं सांग. मी दाराकडे बघत उभा राहिलो. धनेश म्हणाला, रॅकचं दार लागलं सिस्टर. त्यांनी पुन्हा विचारलं. तो म्हणाला, दारच. त्यांनी लिहिलं, आणि पेन टेबलावर आपटलं. रागावर ताबा ठेवायला शिकलं पाहिजे त्यांनी.

निष्पाप माणूस खोटं कशाला बोलेल?

बुधवार, २६ नोव्हेंबर. दिवस २४.

धनेश रजेवर. निर्धास्त होऊन सेहेचाळीस डबे घेतले. दुपारी अडीचला अडतीस गेले. म्हणजे घरून करतोय. टाके घातलेले असताना, एका डोळ्याने. माझ्यासमोर कधी एवढं काम केलं नाही त्याने.

फोन लावला. म्हणाला, दादा, डोकं ठणकतंय, नंतर बोलू का? मग म्हणाला, तुझा अंगठा बरा आहे का? मी फोन भिंतीवर... फोन भिंतीजवळ ठेवला. आता स्क्रीनवर हिरव्या रेघा आहेत. फोन लागतो, त्यामुळे फुटलेला नाही.

शनिवार, २९ नोव्हेंबर. दिवस २७.

डबे: बावीस. सात. एकतीस. शून्य. चौतीस. शून्य.

पाचव्या मजल्यावरचा एक डबा मी छतातून उपटून पायाखाली घेतला. तो तरी आता दुसऱ्या कोणाचा होणार नाही. मॅडमना सांगितलं, उंदीर. त्या म्हणाल्या, तपासणी आठवडाभर पुढे गेलीय, सोमवारी बाहेरच्या कंपनीची इंजिनिअर येतेय. धनेशही सोमवारी येतोय.

तीनच दिवस राहिले. शीलाला मेसेज केला: २७ नाबाद. तिने अंगठा पाठवला नाही, पण निळ्या खुणा आल्या.

सोमवार, १ डिसेंबर. दिवस २९.

मेघना नावाची इंजिनिअर आली, वर्तकनगरहून. तिने सगळं ऐकून घेतलं. मी दोन तास पुराव्यानिशी समजावलं, की कोणीतरी माझा पत्ता चोरला आहे. धनेश कोपऱ्यात भुवईवर पट्टी लावून उभा होता. मेघनाने जुन्या सर्व्हरकडे बोट दाखवून विचारलं, सर, हा कोणता? मी म्हटलं, तो गेला, सात तारखेला. ती म्हणाली, मग दिवा कसा लागतोय?

ओपीडीतून मॉनिटर आणून तिने त्याला लावला. माउस हलवला. हलेना. माउसचं झाकण काढून भिंतीवरच्या घड्याळातला सेल त्यात घातला. माउस हलला.

स्क्रीनवर शांती. चालू होऊन सव्वीस दिवस, एकदाही बंद नाही. आपल्या पत्त्यावर बसून डब्यांना बोलावत होती, मी दिलेलं काम करत होती. जेवढे डबे मी टाचणी घालून विसरायला लावले तेवढे तिने पुन्हा पुन्हा घरी आणले. मेघनाने लॉग, म्हणजे मशीनने स्वतः ठेवलेली नोंदवही, वाचून दाखवला. घेणाऱ्याचं नाव SHANTI, परवानगी sudesh. सोडणाऱ्याचं नाव SHANTI, परवानगी sudesh. अशी अठ्ठावीस पानं.

ती म्हणाली, सर, पहिलं मस्त चाललं होतं, दुसरं कशाला केलंत? तिने नवी शांती बंद केली. दोन मिनिटांत पंचेचाळीस हिरवे. दोनच मिनिटं. कोणी हसलं नाही. हसले असते तर मला काहीतरी करता आलं असतं.

मॅडमनी धनेशला विचारलं, भुवईला काय झालं? तो म्हणाला, रॅकचं दार. मी म्हटलं, हो, ते दार दुरुस्त करायला हवंय. मॅडमनी सर्व्हर रूमची किल्ली माझ्याकडून घेऊन त्याच्या हातात दिली. माझं टेबल वर रेकॉर्ड विभागात गेलं. तिथे सगळे कागद आहेत, आपटायला काही नाही.

थोडक्यात, मी पाच तारखेलाच काम पूर्ण केलं होतं. हे कोणीच म्हणालं नाही.

मंगळवार, २ डिसेंबर. दिवस ३०. सकाळी ९

पूर्ण महिन्याचा हिशेब तपासला. आरसा परक्याचा. मॉनिटर हॉस्पिटलचा. कुकर चेपला. मामा हा अपघात. धनेशचं दार. हात उगारला: शून्य. फोडलं: शून्य. राग: शून्य.

रजा टाकली. रुचितासाठी नवा राउटर घेतला, चांगला, चार अँटेनांचा. शीलासाठी मोगरा. दुपारच्या बसने कल्याण.

त्याच दिवशी, संध्याकाळी ६.४५. खडकपाड्याचा बसस्टॉप.

रमाबाईंनी दार उघडलं, म्हणजे सासूबाईंनी. रुचिता आतल्या खोलीच्या दारात उभी राहिली, बाहेर आली नाही. उंची वाढल्यासारखी वाटली. मी सगळं सांगितलं, शांतीची गोष्ट, हातवारे करून, मजेत. महिनाभर ज्याला शोधत होतो तो मीच निघालो, असं सांगून मोठ्याने हसलो. कोणी हसलं नाही. रुचिताने विचारलं, मग धनेशकाकांना लागलं कशाने? मी म्हटलं, दार. तिने आईकडे बघितलं.

शीला जवळ येऊन बसली. माझे दोन्ही हात हातात घेतले. बऱ्याच महिन्यांनी. मला वाटलं, जमलं. ती हात उलटेसुलटे करून बघत होती. तळव्यावरची खूण, पेरांवरची खपली, मनगटावरचे दात, अंगठ्याची पट्टी. एकेकावर बोट ठेवलं. चार.

मग म्हणाली, महिन्याभरात चार. आम्ही घरी असताना तुमच्या हाताला कधीच काही लागलं नव्हतं.

हात माझ्या मांडीवर ठेवले, नीट, जसे कुणाचे परत करावेत तसे. आणि आत गेली. रमाबाईंनी राउटरचा खोका परत माझ्याकडे दिला. म्हणाल्या, इथे नेट चांगलं चालतं. मोगरा ठेवून घेतला.

जिना उतरताना मला बरं वाटत होतं. म्हटलं, काळजी करते माझी, हाताची चौकशी केली.

बसस्टॉपवर दोन बस सोडल्या. काच लागते. शिडी लागते, लोखंड लागतं. माणसाचे दातसुद्धा लागतात. हाताला लागत नाही असं मऊ आमच्या घरात काय होतं, ते तिसरी बस येईपर्यंत कळलं.

धनेशला फोन लावला, हिरव्या रेघांच्या फोनवरून. दादा, बोल, म्हणाला. मी दहापर्यंत मोजलं. पहिल्यांदाच पूर्ण. तोवर तो हॅलो हॅलो करत राहिला, मग मी ठेवला.

आजचा राग: शून्य, असं निघताना सकाळीच लिहून ठेवलेलं. खोडलं.